शेजारणीच्या गोळ्या आणि माझं डोकं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की अजून घरातल्या माणसासारखा मुक्कामाला आहे? आम्ही सगळे मजेत आहोत. (हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना तू मध्येच पत्र टाकून फोनकडे धावशील. धावू नकोस, गुडघे सांभाळ.)

तर झालं असं. धाकटा दोन वर्षांचा झाला, दुकानात शिवायच्या कपड्यांचा ढीग माझ्या खांद्याला लागला, आणि आम्ही दोघांनी ठरवलं की तूर्तास पाळणा पुरे. ठरवणं सोपं असतं गं. पुढे काय करायचं ते विचारायला दवाखान्यात जायचं, तर मला लाज. (दिवसभर गावच्या बायकांची मापं घेणारी मी, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते.) शेजारणीला मात्र लाजेचं वावडं आहे. तिने कपाटातून गर्भनिरोधक गोळ्यांचं एक उरलेलं पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं आणि सांगितलं, रोज एक घे आणि विसरून जा. मी तिचं दोन्ही ऐकलं. रोज एक घेतली, आणि घेतली की नाही ते विसरले.

आमच्या ह्यांनी त्यावर उपाय काढला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्यांनी माझ्यासाठी गजर लावला. पण दुरुस्तीला आलेल्याच घड्याळाला लावला. ते कधी सकाळी सातला वाजायचं, कधी दुपारी तीनला, आणि एकदा तर गिऱ्हाईक घेऊन गेल्यावर त्याच्या घरी वाजलं. शिवाय त्या पाकिटात दोन रंगांच्या गोळ्या होत्या. गडद रंगाच्या जास्त ताकदीच्या असणार, असा माझा अंदाज, म्हणून मी त्यांच्यापासून सुरुवात केली. नंतर कळलं, त्या सात नुसत्या लोहाच्या होत्या. म्हणजे आठवडाभर मी निर्धास्त होते ती लोखंडाच्या भरवशावर.

मग पाळी लांबली. सहा दिवस मी मशीनवर बसून एका शर्टाला तीन बाह्या लावायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या. घरीच चाचणी केली, एकच रेघ आली, म्हणजे दिवस नाहीत. तरी मन मानेना. शेवटी ह्यांनी दुकानाला कुलूप लावलं, म्हणाले, चल, आपण विचारून येऊ, आणि आम्ही गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, पण नजर शाळेतल्या बाईंसारखी. नर्सने आधी रक्तदाब बघितला, तो जरा चढाच निघाला. पुन्हा चाचणी झाली, पुन्हा नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि उठायला लागले, तर बाईंनी खाली बसवलं. डोकं दुखतं का, दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही दिसतं का, असं विचारलं. मी सांगितलं, दिसतं की, चमचमत्या नागमोडी रेघा, माझ्या मशीनच्या झिगझॅग टाक्यासारख्या. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"या गोळ्या कुणी दिल्या तुम्हाला?"

"शेजारणीने."

"तिचं डोकं दुखतं?"

"नाही, ती दुसऱ्यांचं दुखवते."

त्या हसल्या नाहीत, ताई. त्यांनी शांतपणे समजावलं की ज्यांची डोकेदुखी अशी असते, वर रक्तदाबही चढा असतो, त्यांना या गोळ्यांनी मेंदूत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. शेजारणीला चालल्या म्हणून मला चालतील असं नाही. पोरांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. एवढा वेळ भिंतीवरचा तक्ता तोंडपाठ करत बसलेले हे पहिल्यांदाच बोलले.

"बाई, सगळा त्रास हिनेच का घ्यायचा? माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर सांगा."

(मी लग्नात ह्यांचा चेहरा नीट बघितला नव्हता. त्या दिवशी बघितला.)

बाईंनी सगळं सांगितलं. पुरुषांची नसबंदी छोटीशी असते, पण ती कायमचीच समजून करायची, आणि नंतर तीन महिने दुसरं साधन वापरून, तपासणीत सगळं ठीक आल्यावरच तिच्यावर विसंबायचं. निरोध आहे, संबंधातून लागणाऱ्या आजारांपासून तोच वाचवतो. आणि गर्भाशयात बसवायची तांबी आहे, तिच्यात हार्मोन नसतात, वर्षानुवर्षं काम करते, हवी तेव्हा काढता येते. कायमचं काही आमचं ठरलेलं नव्हतं, म्हणून तांबी. पाळी आल्यावर पुन्हा गेले आणि बसवून घेतली. दुखलं का? दुखलं, सुई बोटात गेल्याएवढं नाही म्हणणार, त्याहून जास्त, पण थोडा वेळ. पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाईल म्हणाल्या, तसं जातंय. फार दुखलं, ताप आला किंवा तांबीचा दोरा हाताला लागला नाही तर लगेच यायचं. तपासणी झाली, सगळं जागेवर आहे.

सासूबाईंना मात्र कुणीतरी सांगून ठेवलंय की तांबी वर चढत चढत गळ्यापर्यंत येते. आठवडाभर मी जेवताना ठसकले की त्या माझ्या घशात बघायच्या. एके दिवशी भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, मला पाच झाली, मला कुणी विचारलंच नाही. आणि माझ्या पुढ्यातली भाजीही त्यांनीच निवडून टाकली.

आता माझं शिवण सरळ चाललंय. मुलांना तुझी आठवण येते. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. शेजारणीकडे अजून एक पाकीट निघालं, तेही मी मागून घेतलं आणि फेकून दिलं. ती दोन दिवस बोलली नाही. ते दोन दिवस फार छान गेले.

ता. क. २. तुझी लेक, आपली चिमणी, परवा माझ्याकडे आली. लग्नाला चार महिने झाले, तिचा नर्सिंगचा अभ्यास अर्धा आहे, दोघांनाही मूल इतक्यात नकोय, आणि तू दर फोनला नातवाचं विचारतेस. तुला सांगायची तिला भीती वाटते. गुरुवारी तिला मी त्याच बाईंकडे नेतेय. तिला काय सोसेल ते तिला तपासूनच ठरेल. फोनवर हे जमलं नसतं, फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. जमलं तर तूही ये.

ता. क. ३. चिमणीने पत्र वाचलं. म्हणते, मावशी, आईला एवढंच लिहायचं होतंस की रागावू नकोस. तर ताई, रागावू नकोस.