जो गप्प, तो झोपलाय

३ मार्च, मंगळवार

अर्धीच भांडी घासली आणि बसले. मुद्दाम! दमायच्या आधी बसायचं. सासूबाई दारात उभ्या. "अर्धीच?"
"उरलेली दुपारी."
त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांचं न बोलणंसुद्धा आख्ख्या घराला ऐकू जातं.

मग आलंच — "कसंय आज? काही खाल्लंस का?" सकाळ, दुपार, संध्याकाळ. तेच वाक्य, तोच सूर. मी म्हणते, "ठीक." त्या दार लोटून जातात. मी पडून छताकडे बघते. पंख्याच्या पात्याला जळमट लटकलंय. काढायला हात वर करायचा तर अंगात शिसं ओतल्यासारखं होतं.

ल्युपस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुमचं शरीर तुमच्यावरच उलटलंय. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हण की!" इतकं नेमकं मला कुणीच समजावलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा — "जरा बाहेर चक्कर मारून ये, बरं वाटेल." घ्या!

५ मार्च, गुरुवार

नवरा म्हणतो, "अगं, मीपण दमतो की."
हो रे बाबा. तू दमतोस, झोपतोस, ताजा होऊन उठतोस. मी दमलेली झोपते आणि दमलेलीच उठते. हे सगळं मनातच. भांडायला जोर लागतो, तो कुठून आणू?

मी कामाला होते त्या पार्लरवाल्या ताईंचा फोन. "तुझी खुर्ची ठेवलीय गं मी, पण..." त्या 'पण'च्या पुढे मीच त्यांना जाऊ दिलं नाही. कात्री धरून हात खांद्यापर्यंत उचलायचे आणि तसेच धरून ठेवायचे — दिवसभर! इथे स्वतःची वेणी घालताना मधेच टेकावं लागतं.

६ मार्च, शुक्रवार

ज्याचं जळतं त्याला कळतं. म्हणून तर मोबाईलवरचा तो गट — 'बसा जरा'. सगळे असेच, आपल्याच शरीराने घरात कोंडलेले. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. खरी नावंही नाहीत. मी 'कात्री'. एक शाळेतल्या बाई आहेत, त्या 'खडू'. रोज सकाळी फक्त एक ठिपका टाकायचा. हिरवा म्हणजे बरंय, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे आज काही नाही. बस्स. 'लवकर बरे व्हा' नाही, 'हळदीचं दूध घ्या' नाही.

आणि सगळ्यात लाडका नियम — जो गप्प, तो झोपलाय. उठवायचं नाही. कुठे आहेस, कशी आहेस, काही नाही! हा नियम ज्याने केला त्याचे पाय धुवून पाणी प्यावं.

तो केला गोगलगायने. गोगलगाय म्हणजे पुरुष हं! एकटा राहतो. लिफ्ट दुरुस्त करायचा. "जन्मभर लोकांना वर पोचवलं," म्हणतो, "आता स्वतःला तीन पायऱ्याही पोचवता येत नाही." संधिवात, तोही असाच अंगावर उलटलेला. अर्धी भांडी त्यानेच शिकवली. "कात्रीबाई, आंघोळ केली की तो दिवसाचा पराक्रम समजा. त्याच दिवशी डोकं धुवायचं नाही. लोभ वाईट!"

गटात प्रत्येकाला एक जोडीदार असतो, अडीअडचणीला म्हणून. माझा तोच. नंबर दिलाय, पण फोन करायची वेळ आली नाही. तो बोलतो ते ध्वनिमुद्रित करून पाठवतो. पडल्या पडल्या ऐकते. दिवसातून एकदा हसते ती तेव्हाच.

९ मार्च, सोमवार

नवऱ्याने नाव ऐकलं. "गोगलगाय? जपून हं, गोगलगाय नि पोटात पाय!"
म्हटलं, इथे पायच चालत नाहीत कुणाचे, पोटात असोत नाहीतर आणि कुठे!
दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी.

११ मार्च, बुधवार

गोगलगाय लाल. मी पिवळी.
केस विंचरले. गळतात फार.

१३ मार्च, शुक्रवार

गोगलगायचा ठिपका नाही. कालही नव्हता. चांगलंय! जगाला विश्रांती शिकवतो, स्वतः कधी घेईल? झोपू दे.

१५ मार्च, रविवार

अजून नाही.
"गोगलगाय कुठायत?" एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी खडूबाईंना गटाबाहेर विचारलं. त्यांचं उत्तर — "नियम आहे ना? आपल्याला कुणी उठवलं तर कसं वाटतं? झोपू दे त्यांना."
खरंय. मला कसं वाटतं ते मला माहीत आहे. रोज तीनदा माहीत होतं!
तरी चैन नाही. त्याचं जुनंच बोलणं पुन्हा लावलं. या वेळी हसू आलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

सासूबाई कालच नणंदेकडे गेल्या. नवरा डबा भरून ठेवून कामावर. घरात मी एकटी. वाटलं, सुटले एकदाची! आज कुणी विचारणार नाही.

आणि खरंच कुणी विचारलं नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. डबा समोर, पण उघडलाच नाही. संध्याकाळ झाली तशी माझ्या लक्षात आलं, मी मघापासून दाराकडे कान लावून पडलेय. कशाची वाट बघतेय मी? त्या वाक्याची? वेडी की काय!

मला एका दिवसात असं झालं. गोगलगायच्या घरी तर कधीच कुणी नसतं.

आपण त्याला झोपू देतोय की... पुढचं लिहवत नाही.

१८ मार्च, बुधवार

नियम मोडला. फोन लावला.

पहिल्याच घंटेला उचलला! पण बोलेना, नुसता श्वास. माझ्या तोंडून निघालं ते सासूबाईंचंच, त्यांच्याच सुरात — "कसंय आज? काही खाल्लंत का?"
माणूस ढसाढसा रडला.
"गोळ्या बंद केल्यात मी, कात्रीबाई. सगळ्या."
"कधीपासून?"
"गप्प झालो तेव्हापासून. फोन उशाशीच होता. म्हटलं, कुणी विचारलं तर बघू."
"अहो, मग तो नियम कुठल्या गाढवानं केला?"
"मीच."
मलाही रडू फुटलं. पण रडायचं नंतर! "शेजारी कोण राहतं? त्यांना बोलवा. मला बोलू दे त्यांच्याशी. आत्ता दवाखान्यात जायचं."
"उठवत नाही हो."
"मग सरपटत जा. गोगलगाय ना तुम्ही?"
हसला. रडता रडता हसला. मग फरशीवर काहीतरी घासत गेल्याचा आवाज. थांबला. पुन्हा घासत गेला. मी फोन कानाला लावून बसले — हात दुखून गेला, पण खाली घेतला नाही.
शेवटी त्याच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.