बारा वाजताची तीन मिनिटं

३ जून २०२४

चोर ते चोर, वर पत्र लिहितात – "ही आमची खासगी बाब आहे." म्हणे खासगी! ऑनलाइन पोकर खेळायचं, दोघांनी संगनमत करून तिसऱ्याला लुबाडायचं आणि पकडलं की लगेच खासगी आठवतं. लपवायला काही नसेल तर दाखवायला काय जातं?

दोन वर्षं झाली ह्या पोकरच्या कंपनीत. भिंगारच्या घरात दार लावून बसते आणि देशभरातले लबाड हुडकते. पप्पांना सांगितलंय, बँकेचं काम आहे. आयुष्यभर मास्तरकी केली त्यांनी, पोरांच्या हातातले पत्ते हिसकावून फाडले. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? पण ते वेगळं. मी कुणाला फसवत नाही.

५ जून

नवी जोडी. ४४१७ आणि २०९३. आम्हाला नावं दिसत नाहीत, नुसते आकडे आणि जिल्हा. जिल्हा आपलाच! एकच वाय-फाय, एकच टेबल, वेळ साडेअकरा ते एक. २०९३नं डाव वाढवला की ४४१७ हातात चांगले पत्ते असले तरी टाकून देतो. दर वेळी! टेबलावरच्या तिसऱ्यानं तक्रार केली, बरोबरच केली.

आणि गंमत म्हणजे बाराला दोघंही तीन मिनिटं गप्प. रोज. मग पुन्हा सुरू. एकमेकांना पत्ते सांगत असणार, दुसरं काय? चोरी करायची तर निदान अक्कल तरी लावा.

६ जून

कल्याण सरांना फोन केला. आमचे साहेब. पुण्यात बसतात आणि सगळ्यांवर दया करतात. म्हटलं, जिथं बसून खेळतात त्या खोलीचा व्हिडिओ मागवू. "मॅडम, माणसाच्या घरात शिरायचं आपल्याला काय काम? दोघांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवू, विषय संपला." मिळमिळीत माणूस! आणि त्या लुबाडलेल्या तिसऱ्याचं काय? त्याची बाजू कोण घेणार?

थेट वरच्यांना लिहिलं.

८ जून

जिंकले! संशय आला की खातं गोठवायचं. व्हिडिओ आला तरच पुढचा विचार. आणि तो सकाळच्या मीटिंगमध्ये टीममधल्या आम्ही अकराही जणांनी पाहायचा, म्हणजे सगळ्यांची नजर तयार होईल. ही सूचना माझीच. कल्याण सर एवढंच म्हणाले, "बघा बुवा."

९ जून

चर्चहून आल्यावर पप्पांच्या खाकी पिशवीचा तुटलेला बंद शिवून दिला. खाकी दोरा नव्हता, निळ्यानंच शिवला. "चालेल गं, वाचनालयात कोण बघतंय?" म्हणाले. रोज अकराला निघतात, दीडला येतात. आई गेल्यापासून एवढाच काय तो विरंगुळा. हल्ली दाढीसुद्धा रोज करतात. वर्तमानपत्रं वाचायला दाढी कशाला लागते, देव जाणे.

११ जून

४४१७चं उत्तर आलं. "आम्ही कोणाला फसवलेले नाही. हवे तर खाते कायमचे बंद करा, पण ते घर दाखवायला सांगू नका. ते माझे घर नाही." शुद्धलेखन मात्र चोख. शिकलेला चोर!

२०९३ परवा व्हिडिओ पाठवते म्हणाली. म्हणजे बाई आहे.

१३ जून

व्हिडिओ आला. माझ्याच नियमानं सगळ्यांसमोर लावला.

साठीची बाई. मोबाईल स्वतःकडे धरलेला. "मी फिलोमिना. नर्स हुते, आता रिटायर हाय. हे बघा सैपाकघर. इथं काय बी लपवलेलं न्हाई. ही मरियामातेची तसबीर. बाराला आमच्या कॅथलिक देवळाची घंटा वाजली की मी प्रार्थनेला हुबी ऱ्हाते. मग ते बी मोबाईल ठेवत्यात. ते प्रॉटेस्टंट हायेत, आमच्यातलं न्हाईत, तरी हुबं ऱ्हात्यात." मग जरा हसली. "आन् डाव मला सोडत्यात, हे खरं हाय. कितीदा सांगितलं, सोडू नका म्हनून! ऐकत न्हाईत."

टीममधली ज्योती फिसकन हसली. "म्हातारा कुठाय? दाखवा की!" सगळेच हसले.

बाई त्यातच बोलत होती, "त्यांना दावायचं न्हाई. त्यांच्या पोरीला कळंल."

आम्हा प्रॉटेस्टंटांत बाराची प्रार्थना नाही. भिंगारात जन्म गेला, ती घंटा रोज ऐकते, आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

मोबाईल वळला. दोन कप. दोन खुर्च्या. एका खुर्चीच्या पाठीला खाकी पिशवी, तिच्या बंदाला निळा दोरा.

कुणीतरी म्हणालं, "शॅरन, केस तुझी. बोल." अजून कुणी काही विचारू नये म्हणून दोन्ही खाती कायमची बंद केली. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. एकमेकांना डाव सोडणं चालत नाही.

नीच बाई आहे मी.

१४ जून

अकरा वाजून गेले. पप्पा घरातच. दाढी केलेली नाही. विचारलं, वाचनालयात नाही गेलात?

"बंद झालं ते."

बाराची घंटा वाजली तेव्हा उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी दार ओढून घेतलं.