तपकिरी पायवाटा

३ ऑक्टोबर, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बावीस वर्षं या प्रकाशनात दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रूफं तपासली, आता स्वतःचं लिहायचं. विषय: राष्ट्रीय उद्यानांतल्या, सायकल चालवायला निसर्गरम्य जागा. मुखपृष्ठावर माझं नाव. अट एकच, म्हणे, प्रत्येक जागा स्वतः बघून लिहा. बरं म्हणालो. जाणार अर्थातच नाही. चंद्रावर लिहिणारे काय चंद्रावर जाऊन येतात?

सायकलवाल्यांबद्दल माझं मत नोंदवून ठेवतो. अंगाला चिकटलेली चड्डी, डोक्यावर भोकाभोकांचं टोपलं, आणि पन्नाशीत पाय मारतोय याचा कोण अभिमान. अशा लोकांना काय, कुठेही पाठवलं तरी आनंदच होणार.

४ ऑक्टोबर, मंगळवार
खिडकीजवळच्या नकाशावाल्या बाईंकडून पाच उद्यानांचे नकाशे आणले. आमच्या सगळ्या पुस्तकांचे नकाशे बाई काढतात, तपासतातही त्याच. नकाशा कसा वाचायचा ते सांगायला लागल्या. म्हटलं, बाई, मी बावीस वर्षं वाचायचंच काम करतोय. गप्प बसल्या. बसायलाच हवं.

६ ऑक्टोबर, गुरुवार, दुपार
थक्क झालो. प्रत्येक उद्यानात बारीक तपकिरी पायवाटांचं नुसतं जाळं आहे. काळे रस्ते फक्त दोन-तीन, सगळं जग मूर्खासारखं त्यांच्यावरून जातं. प्रत्येक पायवाटेला नंबरही आहे: ४००, ४१०, ४२०. वनखात्याचं काम इतकं शिस्तशीर असेल असं वाटलं नव्हतं. माझे वाचक या वाटांनीच जाणार.

११ ऑक्टोबर, मंगळवार
तळ्यावरचं प्रकरण पूर्ण. ‘तळ्याच्या पश्चिम काठाला तब्बल तीस पायवाटा इतक्या शेजारीशेजारी येतात की अख्खं कुटुंब एका ओळीत, गप्पा मारत सायकली चालवू शकतं. आजी-आजोबांनाही सहज झेपेल.’ लिहिताना माझेच डोळे पाणावले. बावीस वर्षं लोकांचा भिकार मजकूर तपासून हात असा तयार होतो.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला वाचून दाखवलं. म्हणाली, छान आहे, पण तुम्ही गेलात कधी? म्हटलं, लेखकाला जावं लागत नाही. मग म्हणे, कॉलेजला पाच वर्षं सायकलने जात होते, आपण दोघं जाऊया का एकदा. मला हसू आवरेना. या वयात, हे गुडघे घेऊन. जिना चढताना धाप मला लागते, पण तो मुद्दा वेगळा.

१९ ऑक्टोबर, बुधवार
नकाशावाल्या बाई माझं प्रकरण घेऊन टेबलाशी आल्या. म्हणाल्या, त्या तपकिरी रेषा म्हणजे पायवाटा नाहीत हो. मी हात वर केला. म्हटलं, पुस्तक कोण लिहितंय, तुम्ही की मी? काहीतरी बोलणार होत्या, मी प्रूफात डोकं घातलं. मत्सर, दुसरं काय. यांचं नाव आजवर कशावर छापून आलेलं नाही. माझंही नाही, पण माझं आता येणार आहे.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार
साहेबांचं नवं खूळ. मागच्या कव्हरवर लेखकाचा फोटो हवा. त्या तीस पायवाटांवर, सायकलवर बसलेला.

३० ऑक्टोबर, रविवार
शेजाऱ्यांची सायकल मागून इमारतीच्या पार्किंगमध्ये सराव केला. खांबाला धडकलो. खांब अत्यंत चुकीच्या जागी बांधलाय. आर्किटेक्ट कोण होता त्याची चौकशी करणार. वॉचमन दात काढत होता, त्याचीही तक्रार करणार.

६ नोव्हेंबर, रविवार
लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

तळ्याच्या उद्यानात गेलो. फोटो काढायला कोणीतरी हवं म्हणून हिला नेलं. गेटवर भाड्याच्या सायकली मिळतात. ही साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून आली होती, बसली आणि निघालीच. मी सायकल हातात धरून चालत गेलो, स्नायू मोकळे व्हावेत म्हणून. पश्चिम काठाला पोचायला सव्वा तास लागला.

तिथे कडा होता. सरळ उभा, काळा दगड, वर बघताना टोपी पडली. तीस पायवाटा सोडाच, शेळी उभी राहील एवढीसुद्धा जागा नाही.

एक वनरक्षक सावलीत बसून थर्मासमधला चहा पीत होता. त्याला नकाशा दाखवून मी खडसावून विचारलं, इथल्या वाटा कोणाच्या परवानगीने बंद केल्या? त्याने चहा बाजूला ठेवला आणि नकाशावर वाकला. मग लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, काका, या उंचीच्या रेषा आहेत. एका रेषेवर सगळीकडे एकच उंची. आकडा आहे तो मीटरचा. रेषा जिथे दाटीवाटीने येतात तिथे कडा समजायचा. मग मी सोबत आणलेलं तळ्यावरचं प्रकरण चाळून त्याने विचारलं, आजी-आजोबांना इथून पाठवणार होता का?

ही हसली नाही. हसली असती तर मी ओरडलो तरी असतो. तिने माझ्या हातातून नकाशा घेतला आणि त्याला विचारलं, मग सायकल चालवायला खरंच चांगलं कुठे आहे? त्याने सांगितलं, हिने माझ्याच प्रकरणाच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. मी म्हटलं, तू जा, मी बसतो. तीन तासांनी आली. चेहरा लालबुंद, तोंडाला खळ नाही. बांबूचं बन, जुना लाकडी पूल, पुलाखाली पाणमांजरांचं कुटुंब. लग्नाला चोवीस वर्षं झाली, ही इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं.

फोटो राहिला.

७ नोव्हेंबर, सोमवार
साहेबांना सांगितलं, नकाशे सदोष आहेत. बाईंनी खिडकीजवळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिलीला टोक करत बसल्या.

२० नोव्हेंबर, रविवार
ही नकाशावाल्या बाईंबरोबर दुसऱ्या उद्यानात गेली. यांची ओळख कधी झाली? म्हणे, फोनवर. मला विचारलं होतं चलता का. मी म्हटलं, मला कामं आहेत. दिवसभर काही काम नव्हतं.

४ डिसेंबर, रविवार
तिसरं उद्यान. रोज संध्याकाळी ही जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसते. आज ती गेल्यावर वही उघडली. पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका. भाषा बाळबोध, अलंकार शून्य. ते लाकडी पुलाचं पान मी दोनदा वाचलं. पूल बघावासा वाटला. वही होती तशी ठेवून दिली.

९ डिसेंबर, शुक्रवार
बाईंनी हिची वही साहेबांकडे पोचवली. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच समजलो. नेहमीसारखे खेकसले असते तर बरं झालं असतं. माझी प्रकरणं परत दिली, व्यवस्थित फायलीत घालून.

घरी हिने विचारलं, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं? म्हटलं, छे, असली पुस्तकं लिहिणं माझ्या दर्जाचं कामच नाही. वाईट वाटलं. खूप वाटलं.

२ जानेवारी, सोमवार
पुस्तकाची प्रूफं तपासायला माझ्याच टेबलावर आली. मुखपृष्ठावर हिचं नाव. खाली, नकाशे: बाईंचं नाव. शेवटच्या पानावर ऋणनिर्देश: ‘रविवारी घर सांभाळल्याबद्दल यजमानांचे आभार.’

अक्षर न् अक्षर तपासलं. एकही चूक सापडली नाही. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली आहे.