पहिला क्लास फुकट

६ जानेवारी
रोजनिशी सुरू. वही ताईने निघताना हातात कोंबली. म्हणाली, रोज काय केलंस ते लिहीत जा, निदान तुला तरी कळेल. ताई थोरली आहे. तिच्या बोलण्याचा राग मानायचा नसतो. थोडासाच मानला.
नोकरी: लिफ्ट बसवणाऱ्या टोळीत हेल्पर. नाव लहान, पण हेल्परशिवाय लिफ्ट उभी राहत नाही. एका शहरातलं काम संपलं की गाठोडं बांधायचं, दुसरं शहर. एका जागी बसायचं नाही, हे माझ्या स्वभावाला धरूनच आहे.
स्वभावाला न धरणारी गोष्ट एकच: शाफ्ट. म्हणजे लिफ्ट जिच्यातून वरखाली जाते ती उभी पोकळी. विहीरच, फक्त पाणी नाही. तिच्यात फळ्यांवर उभं राहून बोल्ट आवळायचे. मी उंचीला घाबरत नाही. उंचावरून खाली बघणं मला पटत नाही, एवढंच.

९ जानेवारी
तिसऱ्या मजल्यावर बोल्ट आवळले. डोळे मिटून. डोळे मिटले की हाताला जास्त कळतं. आमचे फोरमन, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, खालून ओरडले, झोपलास का रे? म्हटलं, एकाग्र झालोय.
निश्चय: यंदा जमिनीवरचं काम मिळवायचं. शाफ्टमधून कायमचं बाहेर.

११ जानेवारी, दुपार
उस्तादांनी वॉशर आणायला पाठवलं. हार्डवेअरच्या दुकानाला लागून एक पाटी. व्हेगन स्वयंपाक, नवी बॅच आजपासून, पहिला क्लास फुकट. खोली तळमजल्यावर. दोन्ही मुद्दे एकदम पटले.
व्हेगन म्हणजे काय ते आत बसल्यावर कळलं. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स. म्हणाल्या, प्राण्यांकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही. दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही. मी विचारलं, नातेवाइकांकडून घेतलं तर चालतं का? सगळी बॅच हसली. पहिल्याच दिवशी छाप पडली.
शिकवलं: बदामाचं दूध. भिजवलेले बदाम सोलायचे, पाणी घालून बारीक वाटायचे, फडक्यात घालून पिळायचे. मी पिळायला लागलो तर बाई म्हणाल्या, अहो हळू, फडकं जाईल. पाना धरलेल्या हाताची ताकद लपत नाही.
वॉशर राहिले. उस्ताद बोलले. मोठं माणूस बोलत असताना मान खाली घालावी आणि आतल्या आत भविष्याचा विचार करावा. तसं केलं.

१२ जानेवारी
ठरलं. शेफ व्हायचं. व्हेगन शेफ. फायदे: तळमजला, फुकट चव बघणं, पांढरी टोपी.
खोलीतल्या जोडीदाराला सांगितलं. त्याला आम्ही काडीपेटी म्हणतो. अंगाने काडी आणि पेटतोही पटकन. म्हणाला, सकाळी चार अंडी हाणणारा तू, तू काय व्हेगन होणार? म्हटलं, डॉक्टरला आधी सगळे रोग होतात का? हे वाक्य मला जागच्या जागी सुचलं. काडीपेटी पांघरूण ओढून झोपला. 

१६ जानेवारी
काम संपलं. गाठोडं. दुसरा क्लास आज होता, तो बुडाला. चूक माझी नाही. लिफ्ट लवकर बसली.

२९ जानेवारी
नवं शहर. पाटी दिसली. म्हणजे चार गल्ल्या फिरल्यावर दिसली. पहिला क्लास फुकट.
सर दाढीवाले, अनवाणी. शिकवलं: काजूचं दूध. सरांनी फडकं उचलायच्या आत मी उचललं. सरांनी विचारलं, आधी कुठे शिकलात का? म्हटलं, एक कोर्स झालाय. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द मोठा निघतो. तो परत घेणं बरं दिसत नाही.

५ फेब्रुवारी
दुसरा क्लास आज होता. शहर सोडलेलं नाही, पण गेलो नाही. चौकशी केली तर कळलं, दुसऱ्या दिवशी कांदा चिरायला शिकवतात. कांदा चिरण्यात शिकायचं काय? सुरी असते, कांदा असतो. उरलेलं समजतं.
ताईचा फोन. स्वयंपाक शिकतोय म्हटलं. म्हणाली, शिवणाच्या क्लासला गेलास, सुईत दोरा ओवून परत आलास. मोबाईल दुरुस्तीला गेलास, मागचं झाकण उघडायला शिकलास. गाडी शिकायला गेलास तर सीट पुढेमागे करून घरी. अरे, पहिलीतसुद्धा तू मुक्काम ठोकला होतास. म्हटलं, म्हणूनच पाया पक्का आहे. म्हणाली, यंदा एक काम शेवटापर्यंत शिकलास तर बरं, नाहीतर सरळ ये, भाऊजींच्या दुकानात पोती उचल. भाऊजींचं गोदाम माळ्यावर आहे. शिडीने चढावं लागतं.

२३ फेब्रुवारी
तिसरं शहर. ओटचं दूध. फार पिळलं की चिकट होतं. माझं झालं. मॅडम म्हणाल्या, याने भिंतीवर पत्रकं डकवता येतील. बाकीच्यांचं नुसतं दूध झालं, माझ्या दुधाचे दोन उपयोग निघाले.

१० मार्च
चौथं शहर. तिळाचं दूध. कडू. म्हणे औषधी.
कोर्स झाले चार. काडीपेटी आता मला दूधवाले म्हणून हाक मारतो. उस्तादांनीही आज शाफ्टमधून हाक दिली, ओ दूधवाले, पाना द्या. टोळीत माझी नवी ओळख तयार होते आहे.

२८ मार्च
पाचवं शहर, सोयाबीन. दरवेळी शिकवणारे वेगळे, पण सुरुवात सगळे दुधापासूनच करतात. यावरून काय दिसतं? व्हेगन स्वयंपाकाचं मर्म दुधातच आहे. ते मर्म माझ्याइतक्या वेळा कुणी शिकलेलं नसेल. उरलेला स्वयंपाक म्हणजे नुसता तपशील.

१४ एप्रिल
सहावं शहर. हॉटेल, सहा मजली, महिन्याभरात उघडणार. दैवाने मला इथेच आणायचं होतं.
मी पहिल्या मजल्याच्या फळीवर होतो. खाली हॉटेलच्या मॅनेजरबाई उस्तादांना सांगत होत्या, पाहुणे व्हेगन मागतात आणि तसा स्वयंपाकी मिळत नाही. मी वरूनच म्हटलं, बाई, माझे पाच शहरांतले कोर्स झालेत. बाईंनी वर बघितलं. मी खाली बघितलं नाही, पण आवाजात वजन होतं.
उस्ताद खोकले. मुद्दाम असावं.
बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी सहाजणांचं दुपारचं जेवण करून दाखवा. पसंत पडलं तर कायमचे इथेच राहा.
कायमचे. जमिनीवर. (स्वयंपाकघर चौथ्या मजल्यावर आहे, पण त्याला फरशी आहे.)

१६ एप्रिल
उस्तादांना रीतसर सांगितलं. उस्ताद, तुमचे उपकार विसरणार नाही, पण माणसाने आपल्या गुणांना वाट द्यावी. त्यांनी विचारलं, नक्की ना? कारण मग मी दुसरा हेल्पर बोलावतो, पुढच्या कामाला माणूस कमी पडून चालत नाही. म्हटलं, खुशाल बोलवा. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. एकदा तरी, बघू म्हणायला हवं होतं. मोठ्या माणसांना भावना दाखवता येत नाहीत.
ताईलाही कळवलं, हॉटेलात लागलो. म्हणाली, लागलास की लागणार आहेस? हा फरक फक्त ताईच करू शकते.

२३ एप्रिल, संध्याकाळ
उद्या जेवण. तयारी जोरात. बदाम, काजू, तीळ, सोयाबीन भिजत घातले. ओट आयत्या वेळी. खोलीतल्या दोन बादल्या, काडीपेटीचा डबा आणि माझं हेल्मेट, सगळं भरलंय.
मेनू: सुरुवातीला काहीतरी. मग मुख्य. मग गोड. आराखडा तयार आहे, नावं उद्या सुचतील.
गाळायला फडकं नव्हतं. काडीपेटीचा पांढरा शर्ट सापडला, वीण बारीक, नवाकोरा. विचारणार होतो, पण तो आंघोळीला गेला होता.

२४ एप्रिल
थोडक्यात लिहितो.
अकरापर्यंत पाची दुधं तयार. पाच जग ओळीने मांडले. देखणे. मग बघितलं तर अकरा वाजून गेलेले आणि जेवण व्हायचं होतं.
कांदा घेतला. सुरी होती, कांदा होता. उरलेलं समजलं नाही. बोटाला पट्टी.
भात तिळाच्या दुधात शिजवला. खाली करपला, वर कच्चा राहिला. मधला थर उत्तम होता, पण थर पातळ.
पाहुणे बसले. मी प्रत्येकापुढे पाच पेले ठेवले. बाईंनी विचारलं, हे झालं प्यायचं, जेवण? म्हटलं, बाई, हा पाया आहे. म्हणाल्या, पाया दिसतोय, इमारत कुठे आहे?
एका म्हाताऱ्या पाहुण्याने बदामाचं दोनदा मागून घेतलं. याची नोंद असावी.
तेवढ्यात काडीपेटी वर आला. संध्याकाळी त्याची होणारी सासुरवाडी त्याला बघायला येणार होती, शर्ट त्यासाठी होता. शर्ट माझ्या हातात होता, सोयाबीन पिळून झालेला. पाहुण्यांसमोर तो जे बोलला त्यात प्राण्यांची नावं बरीच होती.
बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, दूध चांगलं करता. पण तुम्ही स्वयंपाकी नाही.
पहिलं वाक्य महत्त्वाचं.

२५ एप्रिल
उस्तादांकडे गेलो. म्हटलं, तुमच्या आग्रहाखातर आणखी काही दिवस थांबायला तयार आहे. म्हणाले, आग्रह कुणी केला? नवा हेल्पर आलाय, सकाळपासून शाफ्टमध्ये आहे. डोकावलो. पोरगं फळीवर उभं राहून शीळ घालत होतं. खाली बघून. अशा माणसांना जबाबदारीची जाणीव नसते.
काडीपेटी बोलत नाही. शर्ट दोनदा धुवून दिला, वास जात नाही. सासुरवाडीने मात्र त्याला पसंत केलं, उस्तादांच्या शर्टात. शर्ट दोन काडीपेट्या मावतील एवढा होता. म्हणजे माझ्यामुळे काही बिघडलं नाही, आता बोलायला हरकत नव्हती.
भाऊजींची शिडी डोळ्यांपुढे येते.

२७ एप्रिल
मॅनेजरबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, आमचे पाहुणे वयस्कर, लिफ्टची बटणं दाबायला घाबरतात. लिफ्टमध्ये बसायला माणूस हवाय. तुम्ही ही लिफ्ट बसवलीये, तुमच्याइतकी तिची खात्री कुणाला असणार?
मला आठवलं, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मजल्यावरचे बोल्ट माझे. एकाग्र होऊन आवळलेले.
हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

२ मे
टोळी गेली. ट्रकवर चढताना उस्तादांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, बिनघोर बस लिफ्टमध्ये. तुझ्या वाटचा एकूण एक बोल्ट मी तुझ्यामागून पुन्हा आवळलाय. पहिल्या शहरापासून.
म्हणजे माझ्या कामावर फोरमनचं जातीने लक्ष होतं. काडीपेटीचं काम ते एकदाच बघत. मला हे आधी कळायला हवं होतं.
ट्रक वळेपर्यंत उभा होतो. काडीपेटीने हात केला नाही. मग अगदी वळणावर ओरडला, ए दूधवाले, लग्नाला ये, पण स्वतःचे कपडे घालून ये, माझ्या शर्टाला हात लावू देणार नाही. येतो म्हटलं. ऐकू गेलं नसावं.

१५ मे, लिफ्टमध्ये
हॉटेल सुरू. बसायला स्टूल. टोपी मिळाली, निळी.
व्हेगन स्वयंपाकीणबाई सापडल्या. चौथ्या मजल्यावर पाहुण्यांसाठी क्लासही घेतात. त्यांना वर नेताना मी सांगितलं, सुरुवात दुधापासून करा. म्हणाल्या, दूध काल झालं, आज कांदा. चला येताय? पहिला फुकट होता, हाही धरा फुकट. म्हटलं, ड्युटी आहे. त्या उतरल्या. मी दार थोडा वेळ उघडंच धरलं. मग खालून घंटा वाजली.
ताईचा फोन. म्हटलं, हॉटेलातलं सगळं जेवण माझ्या हाताखालून जातं. म्हणाली, लिफ्टमधून ना? काडीपेटीने मला फोन करून सगळं सांगितलंय.  मग तिचा आवाज मऊ झाला. म्हणाली, झोपाळ्यावरसुद्धा तू डोळे मिटून बसायचास. आता मोठा झालास. बस, पण डोळे उघडून बस. आणि महिनाभर तरी टिक.
निश्चय: टिकणार. डोळे उघडे ठेवूनच. उद्या कांदा.
एक आजी आल्या. सहावा मजला. दार लागलं, निघालो. यापुढची अक्षरं वाकडी आली तर ती लिफ्टच्या हलण्यामुळे. डोळे टक्क उघडे आहेत.
आजी विचारतायत, बाळा, डोळे मिटून काय लिहितोस?