खरखरीत हात

कापडे गाव. गौरीचा सण, मंगळवार

नाय लावलं ते क्रीम, काय करशील? मनातल्या मनात सुनेला अजून तेच उत्तर देतेय मी. मुंबईवरनं आल्या आल्या माझा हात धरून बोलली, "आई, किती खरखरीत झालेत हो. आज सगळ्या बायका येतील, व्हिडिओ काढतील. हे लावा, आणि जरा मागंच बसा." बसली मी मागं. हे गेल्यापासून सणाला माझी जागा तशी पण भिंतीकडंच.

मग फुगड्या लागल्या. सूनबाई जावेच्या पोरीबरोबर गरगर फिरली आणि क्रीम लावलेले ते मऊ हात सटकन सुटले. बसली आपटून. सगळ्या हसल्या. तिचं तोंड एवढंसं झालं, डोळ्यांत पाणी आलं. मी पदर खोचला, मधी गेली, हात पुढं केले.

"धर गो. भाताची रोपं उपटून झालेत असे. हे नाय सुटायचे."

लाजत लाजत धरले तिनं. अशी फिरवली, अशी फिरवली, की तीच बोलली, "आई, पुरे."

"थांब की, व्हिडिओ नीट येऊ दे."

नंतर माझा हात उलटा-सुलटा करून शेजारणीला दाखवत होती. "बघा आमच्या आईंचे हात." तेच हात, सकाळचे.

सगळ्यांना सांगितलं, सुनेची लाज राखायला उठली. खोटं. मला कधीपासून नाचायचं होतं. आणि नवरा होता तेव्हा पण मी मला एवढी आवडली नव्हती.