भिंतीपलीकडची पंगत

अप्पा, मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

मद्रासला जाऊन तुम्ही कसलीशी नवी नाटकं पाहून आलात आणि आपल्या तंजावरच्या हौशी मंडळींना रंगवलेले पडदे गुंडाळायला लावलेत. राजवाडा नको, कारंजं नको, रंगमंचावर खरं घर हवं. खरं म्हणजे आपलंच. शेगडी, पितळेची भांडी, पाट, सगळं उचलून नेलंत. आईनं विचारलं, "नाटक संपेपर्यंत आम्ही काय खावं?" तर म्हणालात, "प्रयोगाला ये, तिथं सांबार आहे." आणि होतंच, कढत, वाफाळतं. मी बारा वर्षांची. नाटकातल्या बापाला वाढायचं आणि प्रेक्षकांच्या बाजूला चौथी भिंत आहे असं समजून तिकडे बघायचं नाही, एवढंच माझं काम. वाढता वाढता पाहते तर पहिल्या रांगेत तुमची आत्या, डोळे पातेल्यावर. आलेल्या माणसाला न विचारता जेवायची आपल्याकडे रीत आहे का? मी कडेला जाते आणि विचारते, "आत्याआजी, घालू?" ती म्हणते, "घाल की. पान कुठाय?" सगळी माणसं हसतात. तुम्ही विंगेतून ओरडता, "तिथं भिंत आहे!" "भिंतीत आत्याआजी बसलीय," मी म्हणते. पुढच्या प्रयोगाला तुम्ही माझ्या जागी धाकट्या भावाला परकर नेसवून उभं केलंत. पुढे शाळेच्या नाटकासाठी कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी किती विनवलं, पण मी पुन्हा रंगमंचावर चढले नाही.

आता ऐका. निवृत्त होऊन घरी बसले होते, तर आपल्याच लोकांतली एक पोरगी आली. मराठी समजते, उत्तर तमिळमध्ये देते. इथून जवळच पापनाशमला भाताच्या रिकाम्या गोदामात नाटक बसवते, प्रेक्षक हातभर अंतरावर. मला आईचं काम दिलं. स्वयंपाक करायचा, वाढायचं आणि शेवटी मुलाशी एकच वाक्य बोलायचं, "घर विकून टाक, मी कुठंही राहीन." मग म्हणते, "आजी, समोरच्यांनाही वाढा. भिंत मोडायचीय. हे अजून कुणी केलेलं नाही." कुणी केलेलं नाही! मी तिला असं फैलावर घेतलं की पोरगी तमिळही विसरली.

काल प्रयोग झाला. मी सगळ्यांना वाढलं, मुद्दाम, तुम्हाला दाखवायला. एक गृहस्थ म्हणाले, "मामी, अजून एक डाव." दुसऱ्यांना मीठ बेताचं वाटलं. मग माझं वाक्य आलं, दोन महिने घोकलेलं. आवाज चढवायचा नाही, खाली बघत बोलायचं, तुम्हाला आवडलं असतं तसं. मी बोलले, आणि गोदामभर नुसते भुरके. माझ्या नाटकातल्या मुलालासुद्धा ऐकू गेलं नाही. मागून कुणीतरी पापड मागितला, "अप्पळम आहे का?"

नंतर पोरीनं मला मिठी मारली. भिंत मोडली म्हणे. उद्या पुन्हा प्रयोग आहे आणि ते वाक्य शेवटच्या माणसापर्यंत पोचलंच पाहिजे. वाढत नाही म्हणून सांगावं, तर तुमचं खरं ठरतं. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. उद्याचं सांबार मी कारल्याचं करणार आहे, गूळ न घालता.