भोंगाबाईंचा दात

आदरणीय भोंगाबाई यांच्या चरणी (आई म्हणते तू आता चौदा वर्षांची झालीस, तेव्हा मानानेच बोलायला हवं),

तुझ्या सुपकान्या दादाचा साष्टांग दंडवत. मी ठणठणीत आहे. आपली तब्येतही बरी असावी, निदान शनिवारपर्यंत. कारण शनिवारी वर्गाचा फोटो आहे आणि त्याच दिवशी तुझं पोट दुखणार असल्याचं तू आठवडाभर आधीच जाहीर केलंयस, असं आईने फोनवर सांगितलं. हसतानाही म्हणे तोंडावर हात धरतेस. अगं, तुझं हसणं चार घरांपलीकडे ऐकू जायचं म्हणून तर भोंगा नाव पडलं! ते सगळं बंद, कशापायी, तर पुढचा एक दात शेजारच्याच्या मांडीवर बसलाय म्हणून.

मी नवी नोकरी धरली (आधीची सायकल दुरुस्तीची सुटली, त्यात माझी चूक अर्धीच होती, पण ते असो). आता कवळ्या बनवणाऱ्या उस्तादांकडे आहे. फळीवर प्लॅस्टरचे दोनशे जबडे, सकाळी कुलूप उघडलं की सगळे आपल्यालाच हसतायत असं वाटतं. माझं काम मेणात दात बसवायचं. गरम सुरीने मेण मऊ करायचं, दात टोचायचा, सरळ आहे का बघायचं. यातलं शेवटचं मी परवा विसरलो. डोक्यात तुझी पोटदुखी (आणि खिडकीबाहेर एक माणूस शिडीसकट बोळात अडकलेला), त्या नादात हाताने तुझाच दात बसवला. तस्साच, मांडीवर. उस्तादांचा चष्मा नेमका दुरुस्तीला. मेणाची कवळी तशीच डॉक्टरकडे गेली, एका आजींच्या तोंडात बसवून बघायला.

दुसऱ्या दिवशी आजी कवळी घेऊन स्वतः हजर. मी प्लॅस्टरच्या पोत्यामागे. उस्ताद म्हणाले, "ते गाढव नवीन आहे हो, आत्ता सरळ करून देतो." आजी कडाडल्या, "खबरदार हात लावाल तर!"

त्यांचा खरा दातही असाच होता म्हणे. तुझ्या वयापासून त्यांनी तो हाताआड ठेवला आणि एक दिवस दातच गेले. मग सरळ दातांची कवळी आली, तर आरशात कुणी पाहुणीच दिसायला लागली. जुना दात दाखवायला एक फोटो नाही, सगळ्यांत तोंड मिटलेलं. आमच्या आरशासमोर आजी अर्धा तास हसत उभ्या होत्या, दोन्ही हात मागे बांधून.

माझंच बघ. कान झाकायला दोन उन्हाळे टोपी घातली. घामोळं तेवढं वाढलं, कान होते तेवढेच राहिले. तेव्हा शनिवारी जा आणि हस. आईबाबांना नमस्कार.

तुझा,
सुपकान्या दादा

ता. क. : फोटोची प्रत लगेच पाठव. अर्धा तास हसण्यात आजींच्या मेणातला दात हलला, आता पक्क्या कवळीला नमुना हवाय आणि माझ्या आठवणीवर उस्तादांचा विश्वास नाही.

आणखी ता. क. : ज्या सायकलचा ब्रेक मी दुरुस्त केला, तिच्यावरूनच पडलो. पुढचा दात अर्धा गेलाय. आईला बोलू नकोस. उस्तादांनाही अजून दाखवला नाही, पंधरा दिवस तोंडावर हात धरूनच बोलतोय, त्यांना वाटतं मुलगा फार नम्र आहे. तुझा फोटो आला की हात काढीन म्हणतो. पण आधी तू.